पडद्याच्या मागच्या बाजूने

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापला आहे 'मराठीत विज्ञानपट का झाले नाहीत?' त्याकडे मी येणार आहेच. त्याआधी एक विचारतो. तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी गल्लीतला गणपतीचा सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूने बघितलाय? हात वर करा बरं. अरे वा! त्या कोपऱ्यातल्या आजींचा हात सगळ्यात आधी वर गेला. आजी, आज आपलं जमणार.

ज्यांचे हात वर गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मिरजेत गणपतीच्या दिवसांत रस्त्याच्या मधोमध दोन बांबू पुरायचे आणि त्यांच्यामध्ये पांढरा कपडा ताणून बांधायचा. एका बाजूला मशीन. मशीनच्या बाजूला सतरंज्या, त्यांच्यावर मोठी माणसं, पाहुणेरावळे, मंडळाचे कार्यकर्ते. तिकडची जागा संपली की पोरांनी पोती घ्यायची आणि पडद्याच्या पलीकडे जाऊन बसायचं. कपडा पातळ असल्यामुळे चित्र मागूनही तितकंच स्वच्छ दिसे, फक्त उलटं. पाट्या उलट्या. घोडा तिकडच्यांना डावीकडे पळताना दिसला की आम्हाला उजवीकडे. आवाज कर्ण्यातून यायचा, तो दोन्ही बाजूंना सारखाच फाटका. मी चौथीत जाईपर्यंत माझी पक्की समजूत होती की सिनेमातली माणसं डाव्या हाताने जेवतात.

मागच्या बाजूला बसण्याचा एक मोठा फायदा होता. मशीनचा झोत थेट आपल्या दिशेने यायचा. पडद्यावर रावण हसतोय आणि त्याच्या छातीच्या आरपार तो दिवा दिसतोय, असं आम्ही बघत मोठे झालो. चित्र आणि ते कुठून येतंय ती जागा, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. माझ्या आजच्या भाषणाचं मूळ त्या पोत्यावर आहे.

मला जे मांडायचं आहे ते आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे वेळ पुरेलच असं नाही. आपण लहानपणी जे पुठ्ठ्याचे, दोऱ्याचे, रबरी पोशाखांचे विज्ञानपट बघितले, ज्यांना आज सगळे 'टुकार' म्हणतात, त्यांनी आपल्याला विज्ञानाकडे नेलं. त्यांतलं विज्ञान चुकीचं होतं आणि करामत उघडी पडत होती, म्हणूनच नेलं. चूक दिसली की प्रश्न पडतो. दोरा दिसला की तो कुठे बांधलाय हे बघावंसं वाटतं.

आता 'मिस्टर इंडिया'. हा सिनेमा आला मे १९८७ मध्ये. थिएटरात बघायचं भाग्य मला लाभलं नाही, आमच्या गल्लीत तो नंतर गणपतीत आला. आधी आठवडाभर गल्लीत दुसरं बोलणंच नव्हतं. ज्यांनी आधी बघितला होता ती पोरं गोष्ट सांगायची आणि वाटेल ते घालून सांगायची. एकाने तर सांगितलं होतं की शेवटी मोगँबोही अदृश्य होतो. पण एक गोष्ट सगळ्यांच्या सांगण्यात सारखी होती. घड्याळासारखं यंत्र मनगटाला लावलं की माणूस दिसेनासा होतो आणि लाल उजेड पडला की दिसतो.

आमच्या दृष्टीने ही युद्धाची माहिती होती. मंडळाच्या आराशीतून उरलेला लाल जिलेटिन कागद होता. तो आम्ही मिळवला आणि घराघरातल्या बॅटऱ्यांच्या काचेवर रबराने बसवला. सिनेमाच्या रात्री पडद्यामागे आम्ही नऊ जण बसलो होतो आणि आमच्याकडे पाच लाल बॅटऱ्या होत्या. पडद्यावर अनिल कपूर दिसेनासा झाला की आम्ही पाचही झोत पडद्यावर सोडायचो. पलीकडून मोठी माणसं ओरडायची, "ए, कोण आहे रे तिकडं?" कारण पुढच्या बाजूला अख्ख्या चित्रावर लाल डाग पडायचे. मशीनवाल्याने एकदा मशीन थांबवून येऊन दम दिला. मग एका प्रसंगात हनुमानाची मूर्ती हवेत तरंगत त्या धिप्पाड गोऱ्या गुंडाला बडवायला लागली आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी जो गजर झाला, त्यात आम्हीसुद्धा बॅटऱ्या विसरलो. त्या क्षणी आमच्या पायाशी कुणी अदृश्य माणूस येऊन बसला असता तरी आम्हाला कळलं नसतं.

सिनेमा संपला आणि नेमकी लाईट गेली. आम्ही सगळे बोळात शिरलो, लाल बॅटऱ्या घेऊन, मिस्टर इंडियाला शोधायला. बोळाच्या टोकाला एक आजोबा उकाड्यामुळे बाहेर खाट टाकून निजलेले होते. त्यांच्या अंगावर पाच लाल झोत एकदम पडले. ते उठून बसले, आमच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सापडला का?" आम्ही नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग वडाकडं बघा, तिकडं असंल." आणि पुन्हा आडवे झाले. मोठ्या माणसाने लहान मुलाचा शोध असा गांभीर्याने घेतला की ते मूल जन्मभर विसरत नाही. मी विसरलो नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मी अभ्यासाला बसलो आणि पुन्हा लाईट गेली. हाताशी तीच बॅटरी होती, जिलेटिन अजून काढलेलं नव्हतं. गणिताच्या वहीवर झोत टाकला आणि मी उडालोच. सरांचे सगळे शेरे गायब! लाल शाईतल्या फुल्या, 'पुन्हा सोडव', 'पालकांची सही आण', सगळं गेलं होतं. माझं निळं अक्षर मात्र काळं होऊन तसंच होतं. वही इतकी निर्मळ मी पूर्वी कधी बघितली नव्हती. जिलेटिन काढलं, शेरे हजर. लावलं, गायब.

मी कितीतरी वेळ हे करत बसलो. आणि मग डोक्यात आलं की सिनेमात तर हे उलटं आहे. मिस्टर इंडिया लाल उजेडात दिसायला लागतो. सरांची लाल शाई लाल उजेडात दिसेनाशी होते. दोन्ही खरं कसं असेल?

याच सुमारास वर्गात तानापिहिनिपाजा झालं होतं. तुम्ही सगळ्यांनी घोकलंय. पांढऱ्या उजेडात सात रंग: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. मी विचार केला, पहिलंच अक्षर 'ता'. म्हणजे उन्हात तांबडा उजेड आहेच. लाल उजेड अंगावर पडल्यावर हा माणूस दिसतो, याचा अर्थ तो उजेड त्याच्या अंगावरून परत फिरतो. मग उन्हातला तांबडा उजेडही परत फिरला पाहिजे. भर दुपारी मिस्टर इंडिया रस्त्याने चालला तर तो तांबडा दिसायला हवा! आजही मला वाटतं की माझ्या आयुष्यातला तो पहिला स्वतःचा विचार होता. कुणी शिकवलेला नव्हता, पुस्तकात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी आणि वही घेऊन शाळेत गेलो आणि विज्ञानाच्या तासाला उभा राहून हे सरांना विचारलं. सरांनी पहिल्यांदा 'मिस्टर इंडिया' हे शब्द ऐकले आणि पुढचं काही ऐकलंच नाही. "सिनेमा घरी ठेवून शाळेत यायचं," म्हणाले, आणि बॅटरी काढून घेतली. मी वही उघडून दाखवत होतो. त्यांनी वहीकडे बघितलं नाही. माझी तक्रार बॅटरीबद्दल पण आहे. ती वडिलांची होती, त्यांची रात्रपाळी असायची आणि त्यांना ती लागायची. वर्षाअखेरीला परत मिळाली तेव्हा आतले सेल फुटून पाझरले होते आणि स्प्रिंग गंजली होती. पण त्याहून मोठी तक्रार त्या न बघितलेल्या वहीबद्दल आहे. अख्ख्या वर्गासमोर प्रकाशाचा प्रयोग होणार होता आणि तो झाला नाही. पस्तीसहून जास्त वर्षं झाली, अजून मला तो तास आठवतो.

उत्तर मिळालं सांगलीला कॉलेजात. पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. लाल उजेडात पांढरा कागद लाल उजेड परत फेकतो आणि लाल शाईही फेकते. दोन्ही सारखेच लाल, मग अक्षर वेगळं दिसणार कसं? निळी शाई लाल उजेड गिळते म्हणून काळी दिसते. आणि हो, तुझा मिस्टर इंडिया उन्हात तांबडा दिसायला हवा. मग थांबले आणि त्यांनीच मला विचारलं, "पण तो सगळ्या उजेडाला आरपार जाऊ देत असेल, तर त्याला स्वतःला दिसत कसं होतं?" आपल्याला दिसतं कारण डोळ्याच्या आतला पडदा उजेड अडवतो, शोषतो. अदृश्य माणसाच्या डोळ्यातून उजेड सरळ निघून जाईल. म्हणजे जो कुणालाच दिसत नाही तो ठार आंधळा असणार. मी त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आलो.

मला सांगा, अचूक विज्ञान असलेला, सल्लागार मंडळ नेमून काढलेला एखादा सिनेमा मला असं सायकलवरून उतरवू शकला असता का?

आता थोडं आईबद्दल, आणि मग दोऱ्याबद्दल. माझी आई शिवणकाम करायची. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. गल्लीत एका रात्री पौराणिक बोलपट होता. आकाशात दोन बाण समोरासमोर येतात, एकमेकांवर आपटतात, ठिणग्या उडतात. आई पुढच्या बाजूला बसली होती. सिनेमा चालू असताना ती शेजारच्या काकूंना म्हणाली, आणि हे सगळ्यांना ऐकू गेलं, "दोरा दिसतोय बघा." काकू म्हणाल्या, "कुठं हो? मला तर नाही दिसला." आई म्हणाली, "काळा आहे. चाळीस नंबरचा असंल."

दिवसाला रिळंच्या रिळं ओवणाऱ्या बाईला दोरा दिसणारच. तिला सिनेमा बेकार वाटला असं अजिबात झालं नाही. उलट ती पुढे सरसावून बसली. पुढच्या प्रत्येक करामतीला ती दोऱ्याची दिशा शोधत होती आणि कुणीतरी आपल्याच धंद्यातला माणूस तिकडे काम करतोय अशा आपुलकीने बघत होती.

कितीतरी वर्षांनी मला बाबूभाई मिस्त्री भेटले, म्हणजे वाचनात भेटले. १९३७ साली विजय भट्ट यांनी 'ख्वाब की दुनिया' नावाचा सिनेमा काढला. अदृश्य माणसाची गोष्ट होती आणि त्यातल्या करामती बाबूभाईंच्या. त्याआधी चार वर्षं हॉलिवूडमध्ये 'द इनव्हिजिबल मॅन' आला होता. तिकडच्यांनी काय केलं होतं, नटाला काळ्या मखमलीत गुंडाळलं, मागे काळी मखमल लावली, वरून कपडे घातले. मग फक्त कपडे चालताना दिसतात. ते चित्र दुसऱ्या चित्रावर बसवायचं. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, यंत्रं लागतात. बाबूभाईंकडे त्यातलं फारसं काही नव्हतं. त्यांनी काळा पडदा लावला आणि काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. काळ्यावर काळं, कॅमेऱ्याला दिसत नाही. तेव्हापासून सिनेमावाले त्यांना 'काला धागा' याच नावाने ओळखायला लागले. माणसाला पदव्या मिळतात, पुरस्कार मिळतात. मला विचाराल तर 'काला धागा' याच्याइतकं सुंदर बिरुद हिंदुस्थानी सिनेमात दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

आणि बरोबर पन्नास वर्षांनी, १९८७ मध्ये, 'मिस्टर इंडिया'ची करामत पीटर परेरा यांनी केली. संगणक नव्हता. जे करायचं ते कॅमेऱ्यासमोर किंवा कॅमेऱ्याच्या आत. आमची हनुमानाची मूर्ती अशीच उडाली.

मी हे आईला वाचून दाखवलं. तोवर तिची दृष्टी अधू झाली होती, सुईत दोरा ओवायला ती नातवाला हाक मारायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मला दिसला होता तो खरा होता."

हो आई. खरा होता.

(पाणी देता का थोडं?)

दूरदर्शनकडे वळतो. शेजारी एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, लाकडी शटरचा, आणि पुढे निळी काच लावलेली. जगात जे काही घडतं ते पाण्याखाली घडतं असं वाटावं इतकी निळी. त्यावर 'जायंट रोबोट' लागायचा. जपानी मालिका, इंग्रजी आवाज दिलेले. एका लहान मुलाच्या मनगटावर घड्याळ, त्यात बोललं की महाकाय रोबोट उडत येतो आणि बोटांतून क्षेपणास्त्रं सोडतो. इंग्रजी आम्हाला शष्प कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती. शाळेत मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग मनगटाशी बोलत असायचा. शेवटच्या भागात तो रोबोट मुलाचं न ऐकता शत्रूला घट्ट धरून अवकाशात घेऊन जातो आणि स्वतःही संपतो. त्या दिवशी त्या निळ्या टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी कुणीही घरी जाऊन जेवलं असेल असं मला वाटत नाही. पत्र्याचा भासणारा, आत माणूस घुसवलेला एक पोशाख, त्याच्यासाठी आम्ही रडलो.

या पोशाखांमागे पण गणित आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५४ च्या 'गॉडझिला'त राक्षस पन्नास मीटर उंच दाखवायचा होता. आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट, अंगावर शंभर किलोच्या आसपासचा पोशाख. शहराची प्रतिकृती पंचविसाव्या हिश्शाची. आता इमारत पडली की ती लहान आहे हे लगेच कळतं, कारण ती चटकन पडते. उंची पंचवीस पट कमी केली की पडायचा वेळ पाचपट कमी होतो, वर्गमुळाच्या हिशेबाने. मग उपाय काय? कॅमेरा जास्त वेगाने फिरवून चित्र घ्यायचं आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं. पडणं लांबतं, आणि खेळण्याला वजन येतं. या करामती करणारे इजी त्सुबुराया आणि त्यांची माणसं हे हिशेब करून काम करायची. ज्याला आपण रबरी बाहुला म्हणून हसतो, त्याच्या आत गॅलिलिओ बसलाय.

हाच हिशेब मी दारा सिंगला लावून बघितला होता. उरुसातल्या तंबूत मी 'चाँद पर चढाई' बघितला. सिनेमा १९६७ चा. नील आर्मस्ट्राँग उतरला १९६९ ला. म्हणजे आपला पैलवान दोन वर्षं आधी पोचला! आमचा भाग कुस्तीचा. चंद्रावर काय उगवतं, कोण राणी आहे, याच्याशी तंबूतल्या प्रेक्षकांना काही देणंघेणं नव्हतं. दारा सिंग भिडला की "उचल, उचल!" सुरू. मी पुढे आठवी-नववीत शिकलो की चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. आणि मला तंबू आठवला. तिथे धोबीपछाड मारली तर वरचा गडी खाली यायला किती वेळ लागेल? सहाचं वर्गमूळ, अडीचच्या जरा अलीकडे. इथे जी पछाड एका सेकंदात संपते ती तिथे जवळपास अडीच सेकंद चालेल. गडी हवेत असताना विचार करू शकेल. सिनेमात मात्र सगळे मिरजेच्या तालमीत पडावेत तसे धपाधप पडत होते. मी हे गणित वहीत मांडलं होतं. ती वही कुणी काढून घेतली नाही.

आता माझ्या मनातली जुनी सल. गेली काही वर्षं एक प्रकार चालतो. सुशिक्षित, सिनेमा समजणारी मंडळी जमतात, मुद्दाम असे जुने सिनेमे लावतात आणि हसतात. मला एकदा अशा बैठकीला बोलावलं होतं. दोरा दिसला की टाळ्या, पुठ्ठा हलला की खिदळणं. मी अर्ध्यातून उठून आलो. त्यांच्या हसण्यात माझी आई बसत नव्हती. तिलाही दोरा दिसला होता, पण तिने तो ओढणारा हात बघितला. ही माणसं दोऱ्याशीच थांबली होती. जो सिनेमा काढणाऱ्याने तन्मयतेने काढला, ज्याच्यासाठी कुणीतरी माळ्यावर पालथं पडून तासन्‌तास दोरे धरले, त्याच्याकडे वरून खाली बघायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आजच्या सिनेमात दोरा पुसून टाकता येतो. चित्र निर्दोष होतं. पण माझी भाची असे सिनेमे बघून कधी विचारत नाही की हे कसं केलं. तिला उत्तर माहीत आहे: कॉम्प्युटरवर. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असलं की प्रश्न मरतो.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. ठीक आहे. आणि मूळ विषयाला तर मी हातही लावलेला नाही. पण फाळक्यांशिवाय तो विषय सुरूच होत नाही, तेव्हा दोन मिनिटं त्यांना.

दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी छायाचित्रकार होते, मुद्रणातले जाणकार होते आणि जादूगारही होते. जादूचे प्रयोग करताना त्यांनी नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा. फाळके, उलटं वाचा: केळफा. बघा, पडद्यामागून बसून वाचल्यासारखं! १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे हवे होते तेव्हा त्यांनी कुठला देव दाखवला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडंथोडं चित्र घेत राहिले. पडद्यावर ते रोप एका दमात मातीतून उगवून वर चढलं. भांडवल देणाऱ्यांना हे दाखवून त्यांनी पैसे उभे केले. विचार करा, आपल्या कथापटाच्या पायाशी वाटाण्याचं रोप आहे, वनस्पतिशास्त्राचा धडा आहे. आणि याच माणसाने पुढे चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारी फिल्मसुद्धा काढली. जादूगाराने स्वतः होऊन पेटी उघडून दाखवली. दोरा लपवायचा आणि दोरा दाखवायचा, दोन्ही कामं एकाच मराठी माणसाने केली.

मग मुख्य प्रश्न. अशी सुरुवात झालेल्या भाषेत विज्ञानपटांची परंपरा का उभी राहिली नाही? घाईत सांगतो, सांभाळून घ्या.

नेहमी दिलं जाणारं उत्तर पैसा. मी ते मानत नाही. काळ्या दोऱ्याला किती पैसे पडतात?

माझं उत्तर असं आहे की आपल्याकडे दोन प्रवाह होते आणि ते एकमेकांना कधी भेटले नाहीत. एक करामतीचा. फाळक्यांपासून तो सुरू झाला, प्रभातकडे आला. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये गरुडाचं विमान वैकुंठाला जातं ते आठवा. हा प्रवाह देवाधर्माच्या गोष्टींत रमला. पुढे मराठी सिनेमा तमाशाकडे, कौटुंबिक गोष्टींकडे आणि ऐंशीच्या दशकात विनोदाकडे गेला, तेव्हा तो आटला.

दुसरा प्रवाह लिखाणाचा, आणि तो भरभरून वाहत होता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! ज. वि. ना. चं ना. वि. ज. पहिलं बक्षीस मिळालं. केळफा आणि जगताप, दोघेही नाव उलटं करून आपल्यासमोर आले. मला या योगायोगाचं फार प्रेम आहे. नारळीकरांच्या नंतर दिवाळी अंकांतून विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची एक फळीच उभी राहिली.

पण हे लिहिणारे बहुतेक शास्त्रज्ञ, शिक्षक, अभ्यासक. त्यांच्या खांद्यावर प्रबोधनाचं ओझं होतं. विज्ञान चुकता कामा नये, वाचकाची दिशाभूल होता कामा नये. हे योग्यच होतं, लिखाणाला ते शोभलं. पण सिनेमा असा चुकायच्या भीतीने सुरू होत नाही. चंद्रावर धपाधप पडणारा दारा सिंग त्यांच्या हातून कागदावर उतरला नसता. आणि दिवाळी अंक वाचणारं घर उरुसाच्या तंबूत जात नव्हतं, तंबूत बसणाऱ्याच्या घरी दिवाळी अंक येत नव्हता. आमच्या घरी दोन्ही होतं, कारण वडील वाचनालयातून अंक आणायचे आणि आई तंबूत न्यायची. पण असं घर गल्लीत एखादंच. विज्ञान जाणणाऱ्याने करामत करणाऱ्याला हलकं मानलं, करामत करणाऱ्याला विज्ञान आपलं वाटलं नाही, आणि मध्ये माझे ते सर उभे होते, बॅटरी काढून घ्यायला. या तिसऱ्या मुद्द्यावर मला खरं तर अर्धा तास हवा होता.

दुसरी चिठ्ठी. बरं.

आता वही पुन्हा उघडता येईल का, एवढंच राहिलं. येईल असं मला वाटतं. एक मोबाइल, एक काळी चादर आणि आईच्या डब्यातलं काळं रीळ यावर आठवीच्या मुलांकडून अदृश्य माणसाचा सिनेमा होऊ शकतो. दोन शाळांत मी हे करून घेतलं आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांचे दोरे दिसतात. मग मुलं स्वतःच शोधून काढतात की उजेड बाजूने आला की दोरा चमकतो आणि समोरून मंद आला की बुडतो. एका मुलीने दोऱ्याला काजळ फासलं होतं. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा त्या वर्गाला नंतर वेगळा शिकवावा लागला नाही. आणि उन्हात मिस्टर इंडिया तांबडा का दिसत नाही हा प्रश्न प्रत्येक शाळेत कुणी ना कुणी विचारलाच. मी प्रत्येक वेळी तास थांबवला आणि वही मागवली.

संपवतो. आता इथे दिवे बंद होतील आणि फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'चा जो भाग आज शिल्लक आहे, त्यातला थोडा आपण बघणार आहोत. १९१९ चा सिनेमा. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं आहे. संयोजकांना मी एक विनंती केली होती आणि त्यांनी ती ऐकली. भिंतीवर न दाखवता मध्ये पातळ कपडा बांधला आहे आणि त्याच्या पलीकडे वीसएक खुर्च्या आहेत. कालिया तिकडून उलटा पोहेल, पाट्या वाचता येणार नाहीत, आणि प्रोजेक्टरचा दिवा डोळ्यांवर येईल.

आजी, तुमची खुर्ची मी धरून ठेवली आहे. चला.